कात्रीची पारख आणि निगा
(सातारा-सांगली भागातील समाजबंधूंच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात शिक्षण, वधूवर-परिचय, वसतिगृह आणि फंड या विषयांवर बोलण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. आज आम्ही मात्र एका लहानशा वस्तूवर बोलणार आहोत. ही वस्तू आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पिढ्यान् पिढ्या आहे. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षभर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ती वस्तू म्हणजे कात्री.

‘कात्रीवर काय बोलायचे?’ असे काहींच्या मनात येईल. यंत्र घेताना आपण चार दुकाने हिंडतो, दोन जाणत्यांना विचारतो, हप्त्यांचा हिशेब मांडतो. कात्री मात्र जाता जाता, उरलेल्या पैशांत, हाताला लागेल ती उचलतो. हा क्रम उलटा आहे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. त्याचे कारण सोपे आहे. शिवण चुकली तर उसवता येते. काप चुकला तर तो उसवता येत नाही. यंत्राची चूक दोऱ्यावर निभावते, कात्रीची चूक कापडावर बसते, आणि ते कापड बहुधा आपले नसते. लेकीच्या लग्नाचा शालू असो की शाळेच्या गणवेशाचे साधे कापड असो, गिऱ्हाईक ते विश्वासाने आपल्या हाती देते. त्या विश्वासाची पहिली कसोटी कात्रीच्या धारेवर लागते.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट पुरती ठाऊक होती. श्रीसंत नामदेव महाराज (१२७०–१३५०) यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झालेली आहेत. त्यांतील एका पदात महाराजांनी आपल्या व्यवसायातील गज आणि कात्री हीच नामस्मरणाची साधने केली आहेत. पुढे जग बदलले. १८४६ साली एलियस होवे याने शिवणयंत्राचे एकस्व मिळविले. १८५१ साली आयझॅक सिंगरने आपले यंत्र पुढे आणले. हातातील सुईचे बरेचसे काम यंत्राने घेतले. मोठ्या कारखान्यांतून उभ्या पात्याचे विद्युतयंत्र आता कापडाची वीतभर उंच थप्पी एका दमात कापते. परंतु ज्या दुकानात एकेका माणसाच्या मापाने कपडा बेतला जातो, त्या दुकानात कात्रीची जागा आजही दुसऱ्या कशाने घेतलेली नाही.

कात्री कापते कशी, हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे खरेदी आणि निगा दोन्ही सोपी होतात. दोन पाती एकमेकींवर सपाट घासत असतील असे वाटते; तसे नसते. चांगल्या कात्रीचे प्रत्येक पाते लांबीच्या दिशेने किंचित बाकदार असते. त्यामुळे दोन्ही धारा कोणत्याही क्षणी एकाच ठिकाणी एकमेकींस भिडतात, आणि कात्री मिटत जाते तसा तो ठिपका स्क्रूपासून टोकाकडे सरकत जातो. कापड कापले जाते ते त्या सरकत्या ठिपक्यावर. हा बाक साच्यातून आपोआप सुबक उतरत नाही. कारागीर दोन्ही पाती जुळवतो, कापड कापून पाहतो, हलक्या ठोक्याने बाक कमी-अधिक करतो, आणि पुन्हा कापून पाहतो. म्हणूनच हाताने घडविलेल्या कात्रीची दोन पाती जन्माची जोडीदार असतात. एकीचे पाते दुसरीला लावले तर दोन्ही कात्र्या बिघडतात.

आपल्या देशात या कारागिरीचे मोठे ठिकाण म्हणजे उत्तर प्रदेशातील मेरठ शहर. तेथे हे काम सुमारे साडेतीनशे वर्षे चालत आले आहे. मोटारींच्या कमानपाट्या आणि रेल्वेचे मोडीत निघालेले पोलाद तापवून, ठोकून पाती बनतात. मुठी पितळेच्या वा मिश्रधातूच्या ओततात. २०१३ साली मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची तिकडे ख्याती आहे. इंग्लंडातील शेफील्ड शहरी हाच धंदा एके काळी भरभराटीला आला होता. पुढे बहुतेक कारखाने बंद पडले. हाताने कात्र्या जुळविणाऱ्या पेढ्यांत १७६० सालची व्हाइटली आणि १९०२ सालची अर्नेस्ट राइट ही दोन नावे टिकून राहिली. राइट यांच्या कारखान्यातील एका वृद्ध कारागिराच्या कामावर २०१४ साली एक छोटा चित्रपट निघाला, आणि जगभरातून मागण्यांची रीघ लागली. तरीही २०१८ साली ती पेढी बंद पडण्याची वेळ आली, आणि त्याच वर्षी नव्या मालकांनी ती सावरली. मागणी असूनही पुरेसे शिकलेले हात नसतील तर धंदा कसा डळमळतो, याचा हा धडा आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

आता खरेदीविषयी. प्रथम काम ठरवावे, मग कात्री. घरी पोलकी, परकर, मुलांचे कपडे शिवणाऱ्या भगिनींस आठ किंवा नऊ इंची कात्री पुरते. सदरे-पाटलोणी बेतणाऱ्या मास्तरांस दहा इंची हवी. मंडपाचे जाड कापड, ताडपत्री, गाद्यांच्या खोळी, दप्तरे यांचे काम करणाऱ्यांनी बारा इंची भारी कात्रीच घ्यावी. तिचे वजन अर्ध्या किलोच्या वर सहज जाते, आणि ते वजन मेजावर टेकून चालवले तर ओझे न होता मदतच करते. कोणत्याही मापाची असो, बेतण्याची कात्री वाकड्या मुठीची असावी. तशी असेल तरच खालचे पाते मेजावर सपाट सरकते आणि कापड वर उचलले जात नाही. कापड उचलले की खडूची रेघ एकीकडे आणि काप दुसरीकडे, हे आपण सारेच जाणतो.

दुकानात कात्री हाती घेतल्यावर पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली : कात्री मिटून उजेडासमोर धरावी. दोन्ही पात्यांच्या मधोमध उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे, आणि टोके एकमेकींस टेकलेली असली पाहिजेत. फटच नसेल तर बाक नाही, असे समजावे. दुसरी : एक मूठ धरून कात्री पूर्ण उघडावी आणि दुसरी मूठ सोडून द्यावी. ती खटकन पूर्ण मिटली तर स्क्रू सैल आहे. जागची हललीच नाही तर फार आवळलेला आहे. आपल्या वजनाने अर्ध्याअधिक मिटून थांबेल ती बरोबर. तिसरी : दोन्ही पाती स्क्रूने जोडलेली असावीत. रिव्हेट ठोकून कायमची बंद केलेली कात्री पुढे खोलून दुरुस्त करता येत नाही. चौथी : कान द्यावा. उघडझाप करताना सारखा, रेशमासारखा आवाज यावा. मध्येच खरखर लागली तर धारेत दोष आहे. पाचवी आणि मुख्य : खिशात मांजरपाटाचा आणि मऊ रेशमी अस्तराचा एकेक तुकडा घेऊन जावे. मांजरपाटाची चौघडी मुळापासून टोकापर्यंत कापून पाहावी, मग एकेरी अस्तर केवळ टोकाने कापावे. टोकाशी कापड चावले, दुमडले किंवा पात्यांत अडकले, तर ती कात्री कितीही चकचकीत असली तरी परत ठेवावी. जाड कापड कोणतीही कात्री जोराने कापते. खरी परीक्षा टोकाची आणि पातळ कापडाची.

डावखुऱ्या मुलामुलींविषयी दोन शब्द. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की बोटांचा दाब पात्यांना जवळ आणण्याऐवजी दूर लोटतो. अशा मुलाला ‘हात वळत नाही’ म्हणून बोलणी बसतात, आणि दोष असतो कात्रीचा. डाव्या हाताची कात्री निराळी घडवलेली असते. ती मागवून द्यावी.

किमतीचा हिशेब आपण व्यापारी दृष्टीने मांडू. समजा, चारशे रुपयांची हलकी कात्री दीड वर्षात टाकावी लागते. वीस वर्षांत अशा तेरा-चौदा कात्र्या, म्हणजे सुमारे साडेपाच हजार रुपये लागले. समजा, दोन हजारांची घडीव कात्री वीस वर्षे चालली, वर्षातून तीनदा धार लावली आणि दर खेपेस पन्नास रुपये दिले. ते झाले तीन हजार, एकूण पाच हजार. म्हणजे नुसत्या पैशांत फरक फारसा नाही, आणि तो आहे असे सांगून आपली दिशाभूल करण्याची आमची इच्छा नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी. हलकी कात्री त्या दीड वर्षातील निम्मा काळ बोथटच चालते. तेवढ्या काळात वाया गेलेले कापड आणि दुखावलेले गिऱ्हाईक या हिशेबात येत नाही. दुसरे, बोथट कात्री दाबून दाबून अंगठ्याच्या बुडाशी येणारा बधिरपणा आणि मनगटाची कळ यांनाही हिशेबाच्या वहीत रकाना नसतो.

तासगावच्या द्राक्षबागाईतदाराकडून आपण शिकण्यासारखे आहे. एप्रिलची खरड छाटणी असो वा ऑक्टोबरची फळछाटणी, बोथट कात्रीने काडी चिरडली तर वेलीला इजा होते हे तो जाणतो, म्हणून छाटणीपूर्वी कात्र्यांना धार लागलेली असते. आपण मात्र दिवाळीची गर्दी ऐन भरात आल्यावर म्हणतो, ‘कात्री जरा जड चालते आहे!’

आता वापर व निगा. कापडाची कात्री कापडालाच वापरावी. कागदात चिकणमातीसारखी खनिजे मिसळलेली असतात, ती धार खातात. म्हणून कागदी नमुने कापण्यास निराळी, साधी कात्री ठेवावी. टाचण्यांवरून कात्री चालवू नये. रिकामी कात्री नादाने उघडझाप करू नये. धार धारेवर घासते, कापले काहीच जात नाही. मेजाच्या कडेवर कात्री ठेवू नये. एकदा टोकावर पडली की बाक बिघडतो, आणि तो पुन्हा आणणारा कारागीर जवळपास मिळेलच असे नाही. रोज काम संपल्यावर स्क्रूपाशी अडकलेला धुरळा आणि तंतू मऊ फडक्याने पुसावेत. आठवड्यातून एकदा तेथे यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून, चिंधी कापून जादा तेल काढून टाकावे.

हवामानाचाही विचार हवा. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या दोन जिल्ह्यांत पावसाची केवढी तफावत! महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि माणदेशात पाचशेची मारामार. घडीव कात्रीचे पोलाद गंजणारे असते. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडील बंधूंनी आषाढ-श्रावणात कात्री रोज रात्री तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. दहिवडी, जत, आटपाडीकडील बंधूंना गंजाची भीती कमी, परंतु वाऱ्याबरोबर येणारी बारीक धूळ स्क्रूत बसते. त्यांनी पुसण्याचा नेम चुकवू नये.

शरीराचीही निगा तितकीच महत्त्वाची. बेतण्याचे मेज कमरेच्या उंचीचे असावे. जमिनीवर बसून, वाकून बारा इंची कात्री चालवणे म्हणजे पाठीच्या दुखण्याला आवतण. अंगठ्याची कडी रुतत असेल तर तिला सुती पट्टी गुंडाळावी. एका वेळी कात्री सहज घेईल तितकेच थर कापावेत. जोर करावा लागला की खालचा थर सरकतो आणि माप जाते. ज्या तरुण बंधूंना कारखान्यात विद्युतयंत्रावर कापण्याचे काम मिळाले आहे, त्यांनी पोलादी जाळीचा हातमोजा घातल्याशिवाय बटण दाबू नये. घाई असो, मुकादम ओरडो, हा नियम मोडू नये. बोटे परत शिवता येत नाहीत.

आता धार. धार लावताना पात्याची बाहेरची उतरती कडच मूळच्या कोनात घासावयाची असते. आतील बाजूस कानस किंवा निसणा लागला की बाक गेला, आणि बाक गेला की कात्री गेली. रस्त्यावरच्या वेगवान चाकावर सुरी आणि कात्री एकाच रीतीने घासणारे पुष्कळ भेटतात. ठिणग्या उडतात, पाते तापते, पोलादाचे पाणी उतरते, आणि आठवड्यात धार गायब होते. जाणता धारवाला चाक हळू फिरवतो, पाते पाण्यात बुडवतो, आणि शेवटी कापडाची चिंधी कापून दाखवतो. ती चिंधी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि पाहिल्यावर घासाघीस करू नये.

हे काम आपल्या भागात शिकलगार मंडळी पिढ्यान् पिढ्या करीत आली आहेत. सातारा ही मराठ्यांची राजधानी; तेथे आणि पटवर्धनांच्या मिरज-सांगली संस्थानांत तलवारी-भाल्यांना धार लावणे हे त्यांचे काम. १८४८ साली साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. शस्त्रांचे दिवस सरले. त्याच सुमारास मिरजेच्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि त्यांचे नातलग तंतुवाद्ये घडविण्याकडे वळले. त्या हातांतून मिरजेचा तंबोरा आणि सतार यांची कीर्ती देशभर पसरली, आणि २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. जपानातही असेच घडले. १८७६ साली तेथे तलवार बाळगण्यास बंदी झाली, आणि तलवारी घडविणाऱ्या काही कारागिरांनी आपली विद्या शिंप्याच्या कात्रीत ओतली. शिकलगारांपैकी जे वाद्यांकडे वळले नाहीत, त्यांतील अनेकांनी खांद्यावर चाक घेऊन गावोगाव फिरत विळे, अडकित्ते आणि आपल्या कात्र्या यांना धार दिली. म्हणजे आपला धंदा त्यांच्या आधारावर उभा राहिला, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तो आधार आता निखळत चालला आहे. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली, आणि त्यात गैर काहीच नाही. पाच-दहा रुपयांसाठी दारात अर्धा तास वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी कोणी कशाला उन्हात हिंडावे? पूर्वी महिन्याला येणारी हाक अनेक गावांत आता वर्षातूनही ऐकू येत नाही. मग बोथट कात्री फेकायची आणि नवी हलकी घ्यायची, हाच रिवाज पडतो.

याचा चटका कोणाला बसतो, ते एका उदाहरणाने सांगतो. समाजातील एका विधवा भगिनीस एका संस्थेकडून शिवणयंत्र मिळाले. संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही; हेतू चांगलाच होता. यंत्राबरोबर पत्र्यासारखी एक कात्री आली. तिसऱ्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या रेशमी खणावर ती टोकाशी चावली, कापड सरकले आणि गळा वाकडा गेला. बाईंनी खणाची किंमत पदरची भरली. तेवढी त्यांची त्या महिन्याची कमाई होती. यंत्र उत्तम चालत होते. परंतु त्यानंतर कित्येक दिवस रेशमी कापड हाती घेण्याचे त्यांचे धाडस होईना. मदत अपुरी पडली ती चारशे रुपयांच्या ठिकाणी.

म्हणून आम्ही समाजापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली : समाजाच्या फंडातून ज्यांना यंत्र दिले जाईल, त्यांना त्याबरोबर पारखून घेतलेली एक घडीव कात्री द्यावी, आणि ती पारखण्याचे काम दोघा अनुभवी मास्तरांकडे सोपवावे. दुसरी : १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणाबरोबर अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद ठेवलेली आहे. ज्यांना असे साहाय्य मिळेल, त्यांनी अवजारे ताब्यात घेताना यंत्र चालवून पाहावे, तशीच कात्रीही चिंधीवर चालवून पाहावी. तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : सातारा आणि सांगली, दोन्हीकडून आपल्या समाजातील एकेक होतकरू तरुण जाणत्या शिकलगारांकडे धार लावण्याची आणि पाती जुळविण्याची विद्या शिकण्यासाठी पाठवावा. गुरूला योग्य मानधन समाजाने द्यावे. शिकून आलेल्या तरुणांनी ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या बाजारी बसावे, आणि आपण सर्वांनी आपल्या कात्र्या तेथेच न्याव्यात. दोन तरुणांना पोटापाण्याचा धंदा मिळेल, आणि शेकडो घरांच्या हाताला धार येईल.

लोखंडाची पारख करणे आपल्या मातीला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. शेतकऱ्याने नांगर चालवून पाहिला, पारखला, आणि मग घेतला. त्याच चिकित्सेने आपण कात्री घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.

येत्या दसऱ्याला पूजेसाठी कात्री पाटावर ठेवण्यापूर्वी ती एकदा उजेडासमोर धरून पाहा. चिंधी कापून पाहा. बोथट असेल तर आधी धार लावून आणा, मग हळदकुंकू वाहा.